वाचकांचे प्रश्न : रिपोर्टमधला ठळक आकडा आणि ग्रुपवरचा ‘वाढलेला धोका’

प्रश्न : रक्ताचा रिपोर्ट हल्ली डॉक्टरांच्या आधी माझ्याच फोनवर येतो. या खेपेला वीस तपासण्यांपैकी दोन आकडे ठळक छापले होते. नेटवर शोधले आणि रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, यात काही नाही. मग ठळक छापलेच कशाला?

ठळक छापतो तो संगणक. त्याला तुमचं वय, औषधं, मागचे आजार यांतलं फारसं काही ठाऊक नसतं. आकडा मर्यादेबाहेर गेला की तो खूण करून मोकळा होतो. ती मर्यादा बहुतेक तपासण्यांत अशी ठरते : पुष्कळ निरोगी माणसांचे नमुने तपासायचे आणि मधल्या 95 टक्के लोकांचे आकडे ज्या पट्ट्यात येतात तो पट्टा छापायचा. म्हणजे ठणठणीत माणसांतलेही 5 टक्के लोक त्याबाहेर राहणारच. वीस तपासण्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या, तर निरोगी माणसाचा निदान एक तरी आकडा बाहेर पडण्याची शक्यता सुमारे 64 टक्के निघते. प्रत्यक्षात बऱ्याच तपासण्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे ती थोडी कमी होते. तरी एखादा आकडा ठळक दिसणं यात नवल काहीच नाही. साखर आणि कोलेस्टेरॉलचं गणित मात्र वेगळं. तिथल्या रेषा आजाराचा धोका कुठून वाढतो ते पाहून आखलेल्या असतात.

शोधायला बसण्याआधी रिपोर्टच नीट वाचा. पहिलं एकक. उपाशीपोटीची साखर 5.6 आणि 100 हे एकच माप आहे : पहिलं मिलिमोल प्रति लिटरमध्ये, दुसरं मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. साखरेसाठी 18 ने गुणायचं. मूत्रपिंडाच्या तपासणीतल्या क्रिॲटिनिनला गुणक 88.4, त्यामुळे दुसऱ्या देशातल्या पानावर मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये ‘88’ वाचून घाबरू नका. मिलिग्रॅममध्ये ते 1 च्या आसपास येतं. मग आकडा मर्यादेच्या किती बाहेर आहे ते पाहा आणि मागचे दोन-तीन रिपोर्ट शेजारी ठेवा. शक्य असेल तर एकाच लॅबचे, कारण यंत्र आणि पद्धत बदलली की आकडाही थोडा सरकतो.

चूक नमुन्यातही असू शकते. रक्त काढताना किंवा नेताना तांबड्या पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. केसांसाठी म्हणून घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्या काही पद्धतींत थायरॉइडचे आकडे इतके बिघडवतात की थायरॉइड वाढल्याचा भास होतो. अशी गोळी चालू असेल तर रक्त देण्याआधीच सांगा. सहसा निदान दोन दिवस ती थांबवायला सांगतात. लॅबने स्वतः फोन केला किंवा रिपोर्टवर ‘तातडीचे’ असं लिहिलं, तर मात्र शोधाशोध नको. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

प्रश्न : घरच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की प्रक्रिया केलेलं मांस रोज खाल्लं तर कर्करोगाचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो आणि ते सिगारेटच्याच गटात आहे. हे खरं आहे का?

दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि एकत्र ठेवली की त्यांतून निघणारा अर्थ चुकीचा आहे. असे मेसेज निव्वळ थापांपेक्षा जास्त त्रास देतात, कारण तपासायला गेलं तर ते ‘बरोबर’ निघतात.

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समधल्या लिऑनला आहे. तिने ऑक्टोबर 2015 मध्ये प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात घातलं. तंबाखूही त्याच गटात आहे. पण हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते नाही. 18 टक्के हा आकडा रोजच्या 50 ग्रॅममागे आणि तोही फक्त मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा. मेसेजमधून ‘50 ग्रॅम’ आणि ‘आतड्याचा’ हे दोन शब्द वाटेत गळाले. आता समजा, 100 माणसांपैकी 5 जणांना आयुष्यात हा कर्करोग होतो. 5 चे 18 टक्के म्हणजे 0.9. शंभरांत पाचाऐवजी जवळपास सहा. दुर्लक्ष करावं असं हे नाही, पण ‘18 टक्के’ वाचून शंभरांतले अठरा डोळ्यांपुढे येतात, तसंही हे नाही.

असा नुसता आकडा किती महागात पडू शकतो, ते ब्रिटनमध्ये ऑक्टोबर 1995 मध्ये दिसलं. तिथल्या औषधसुरक्षा समितीने डॉक्टरांना कळवलं की तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. मूळ आकडे होते आधीच्या पिढीच्या गोळ्यांवर 7000 बायकांत 1 आणि तिसऱ्या पिढीच्या गोळ्यांवर 7000 बायकांत 2. बातम्यांमध्ये ‘दुप्पट’ तेवढं गाजलं. पुष्कळ जणींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे 13,000 गर्भपात जास्त झाले. गुठळीचा धोका गोळीपेक्षा गरोदरपणात जास्त असतो, हे त्या गडबडीत बाजूलाच पडलं.

तेव्हा ग्रुपवर वाद घालू नका, प्रश्न टाका : किती जणांपैकी किती, किती वर्षांत, आणि कोणत्या वयाच्या लोकांत? उत्तर आलं नाही तर मेसेज पुढे पाठवू नका. आणि हो, व्हॉट्सॲपवर मेसेजच्या डोक्यावर दुहेरी बाण दिसला, तर तो पाच किंवा जास्त हातांतून आलेला असतो. त्यातला मजकूर खरा की खोटा, हे बाण सांगत नाही.

प्रश्न : एक्स-रे आणि एमआरआयचे फोटो दुसऱ्या डॉक्टरांना पाठवले, तर ‘नीट दिसत नाही’ असं उत्तर आलं. कसे पाठवावेत?

एमआरआयच्या फिल्मचा फोटो पाठवणं जवळपास निरुपयोगी. तपासणीत शेकडो प्रतिमा असतात आणि फिल्मवर त्यांतल्या निवडक, अगदी लहान करून छापतात. तपासणी केंद्राकडून ‘डायकॉम’ फाइल, म्हणजे मूळ प्रतिमांची फाइल, मागा. ती सीडीवर, पेन ड्राइव्हवर किंवा लिंकने मिळते. त्या फाइलमध्ये डॉक्टर उजेड-काळोखाचा पट्टा बदलून हाड वेगळं आणि मऊ भाग वेगळा पाहू शकतात. फोटो काढला की ही सोय संपते. फाइलच्या पोटात नाव आणि जन्मतारीखही असते, त्यामुळे लिंक सगळ्यांना उघडी ठेवू नका.

एक्स-रेची फिल्मच हातात असेल आणि दुसरा उपाय नसेल, तर लॅपटॉपवर कोरं पांढरं पान पूर्ण उजेडात उघडा. खोलीतला दिवा आणि फोनचा फ्लॅश बंद करा. फिल्म पडद्यासमोर दोन-तीन बोटं पुढे धरा. अगदी चिकटवली तर पडद्याचे ठिपके फोटोत उतरतात. नाव, तारीख आणि डाव्या-उजव्या बाजूचं अक्षर चौकटीत आलंच पाहिजे. ते अक्षर उलटं दिसत असेल तर फिल्म उलटी धरली आहे किंवा सेल्फीच्या कॅमेऱ्याने आरसा केला आहे. डावा-उजवा गुडघा इथेच बदलतो! पाठवताना फोटो म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, म्हणजे ॲप तो दाबून लहान करत नाही. सोबत लेखी अहवालाची पीडीएफही द्या.

प्रश्न : एका व्हिडिओत ‘दोन वर्षांच्या मुलाला तापाचं सिरप 5 मिली’ असं सांगितलं होतं. बाटली वेगळ्या कंपनीची असली तर चालेल का?

मिलीवर अजिबात जाऊ नका. पॅरासिटामॉलचं सिरप 5 मिलीत 120 मिलिग्रॅम असं मिळतं आणि 5 मिलीत 250 मिलिग्रॅम असंही. मात्रा वजनावर ठरते : एका वेळी दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. मूल 12 किलोचं असेल तर 120 ते 180 मिलिग्रॅम. पहिल्या बाटलीतलं 5 मिली बरोबर बसतं. दुसऱ्या बाटलीतलं तेवढंच 250 मिलिग्रॅम होतं, म्हणजे दर किलोला जवळपास 21. दोन मात्रांत निदान 4 ते 6 तास, आणि 24 तासांत चारपेक्षा जास्त मात्रा नकोत. सर्दीच्या औषधातही पॅरासिटामॉल असू शकतं, ते याच हिशेबात धरा. मापायला सिरपसोबतची पिचकारी वापरा, चहाचा चमचा नको. यकृताचा त्रास असेल किंवा मूल तीन महिन्यांच्या आतलं असेल, तर हे गणित घरी करूच नका.

प्रश्न : चॅटबॉटला आजाराबद्दल विचारावं का?

डॉक्टरांनी वापरलेला शब्द समजून घ्यायला, भेटीआधी प्रश्नांची यादी करायला जरूर विचारा. निदान आणि मात्रा यांसाठी नको. लक्षणं भरली की निदान सुचवणाऱ्या जुन्या साधनांची, म्हणजे लक्षण-तपासकांची, परीक्षा 2015 मध्ये झाली होती. 23 साधनांना 45 नमुना रुग्ण दिले, तर खरं निदान यादीत पहिलं आलं ते फक्त 34 टक्के वेळा. आजचे चॅटबॉट त्यांच्यापुढे बरेच हुशार आहेत, पण त्यांची खोड वेगळी : तुमच्या कलाने बोलायची. ‘हे ॲसिडिटीमुळेच ना?’ असं विचारलं की ते ॲसिडिटीची बाजू मांडू लागतात. ‘याची कारणं कोणती, आणि कोणतं चुकवणं सर्वांत धोक्याचं?’ असं विचारा. वय, चालू औषधं मिलिग्रॅमसकट, मूत्रपिंडाचा आजार, ॲलर्जी, गरोदरपण हे सगळं सांगा. न सांगितलेलं तो मनाने भरतो. संदर्भ दिला तर तो उघडून पाहा. नसलेला शोधनिबंध नाव-सालासकट तयार करणं त्याला सहज जमतं.

रिपोर्ट चढवण्याआधी नाव आणि क्रमांक कापून टाका. फोनच्या मार्कर पेनने खाडाखोड केली तर फोटो उजळल्यावर खालची अक्षरं दिसू शकतात, आणि पीडीएफवर काळी पट्टी ठेवली तर तिच्याखालचा मजकूर कॉपी होऊ शकतो.

प्रश्न : आरोग्यविषयक साइटवर ‘हॉनकोड’चा (HONcode) बिल्ला असेल तर ती विश्वासू मानावी का?

एकेकाळी मानायला हरकत नव्हती. जिनिव्हाच्या ‘हेल्थ ऑन द नेट’ संस्थेने 1996 पासून साइट तपासून तो दिला, पण 2022 अखेरीस तिचं काम थांबलं. आज जिथे हा बिल्ला झळकतो, तिथे निदान तेव्हापासून कुणी बाहेरचं तपासायला गेलेलं नाही. पानाच्या तळाशी मजकूर कुणी तपासला आणि केव्हा, ते पाहा. आणि जाहिरात नेमक्या त्याच औषधाची आहे का, तेही.