खालची पट्टी कुणी फिरवली?

गेल्या अंकात प्रिंटरबद्दल लिहिताना मी ओघात 'टास्कबार (म्हणजे स्क्रीनच्या खालची पट्टी) आपल्या सोयीने लावून घ्या' असं एक वाक्य टाकून पुढे गेलो. त्या एका वाक्याने महिनाभर कामाला लावलं. चिपळूणच्या आमच्या दुकानात सध्या लग्नपत्रिकांची घाई आहे, पण दुपारी जेवणानंतर पत्रं वाचत होतो. ज्या अडचणी पुष्कळांना येतात अशी पाच पत्रं निवडली आहेत.

माझ्या संगणकावर विंडोज १० आहे. नातू सुट्टीत येऊन गेला आणि तेव्हापासून स्क्रीनच्या खालची पट्टी उजव्या कडेला उभी राहिली आहे. स्टार्टचं बटण वरच्या कोपऱ्यात गेलं. नातू म्हणतो, मी काहीच केलं नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, फॉरमॅट मारावं लागेल.
— निवृत्त शिक्षिका, विटा

बाई, फॉरमॅट अजिबात मारू देऊ नका. आणि नातवाला सोडून द्या, तो बहुतेक खरं बोलतोय. विंडोज १०मध्ये पट्टीला कुलूप घातलेलं नसेल आणि तिच्या रिकाम्या जागेवर माउसचं डावं बटण दाबलेलं असताना हात सरकला, तर पट्टी हाताबरोबर निघते आणि दुसऱ्या कडेला जाऊन चिकटते. करणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

पट्टीवर जिथे एकही चित्र नाही अशा जागी राइट क्लिक करा. यादीत सगळ्यात खाली 'टास्कबार सेटिंग्ज' आहे, ते उघडा. त्या पानावर 'टास्कबार लोकेशन ऑन स्क्रीन' शोधा. तिथे आत्ता 'राइट' लिहिलेलं असेल, ते 'बॉटम' करा. पट्टी लगेच खाली येईल. मग त्याच पानावर सगळ्यात वर 'लॉक द टास्कबार' आहे, ते चालू करून टाका. पुढच्या सुट्टीत नातू खुशाल येऊ दे.

इथल्या एका पतसंस्थेचे सचिव माझ्याकडे यायचे. त्यांची पट्टी अशीच एकदा वर गेली आणि त्यांनी ती वर्षभर तशीच वापरली. मी मोठ्या उत्साहाने खाली आणून दिली, तर दुसऱ्या दिवशी दारात हजर. "वरच बरी होती हो. आता नजर तिकडेच जाते." परत वर नेऊन दिली. तुम्हालाही एवढ्या दिवसांत उजवीकडची सवय झाली असेल तर काही बिघडलेलं नाही, तिथेच कुलूप घाला.

ही पट्टी आली कशाला, तेही सांगतो, तुम्ही शिक्षिका आहात म्हणून. विंडोज ३.१च्या काळात चालू काम बाजूला ठेवलं की त्याचं छोटं चित्र होऊन ते पडद्याच्या तळाशी जाऊन पडायचं. वर दुसरी खिडकी मोठी उघडली की ते चित्र तिच्यामागे झाकलं जायचं. माणसाला वाटायचं, काम गेलं. मग तोच प्रोग्रॅम पुन्हा उघडायचा. ऑगस्ट १९९५मध्ये विंडोज ९५ आलं, तेव्हा चालू असलेल्या प्रत्येक कामाचं बटण कायम डोळ्यांसमोर राहील अशी ही पट्टी आणि तिच्या डाव्या टोकाला स्टार्ट असं दोन्ही एकदम आलं.

मी करसल्लागार आहे. नवा संगणक विंडोज ११चा घेतला. सगळी चित्रं मधोमध. एका वेळी एक्सेलच्या पंधरा-वीस फायली उघड्या असतात, त्या सगळ्या एकाच बटणात कोंबल्या जातात. हवी ती फाईल शोधण्यात दिवस जातो. जुनी पद्धत परत आणता येईल का?
— सोलापूर

हे तर माझंच रडगाणं. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी दुकानात शिरलं, त्यात आमची तिन्ही मशीन गेली. नवी घेईपर्यंत डिसेंबर उजाडला आणि त्यांच्यात विंडोज ११ आलं, जे ऑक्टोबरातच बाजारात उतरलं होतं. मशीन सुरू केलं, स्टार्ट दाबायला हात डाव्या कोपऱ्यात गेला, तर तिथे काहीच नाही. इतक्या वर्षांची सवय, दिवसातून शंभरदा हात तिकडेच जायचा आणि शंभरदा मी स्वतःवर चिडायचो.

हा भाग सोपा आहे. पट्टीवर राइट क्लिक, 'टास्कबार सेटिंग्ज', त्यात सगळ्यात खाली 'टास्कबार बिहेवियर्स'. तिथे 'टास्कबार अलाइनमेंट' समोर 'सेंटर' असेल ते 'लेफ्ट' करा. स्टार्ट आपल्या घरी परत.

फायली वेगळ्या दिसण्याचा पर्यायही तिथेच आहे: 'कंबाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स'. त्यापुढे 'ऑलवेज' असेल, ते 'नेव्हर' करा. हा पर्याय दिसलाच नाही तर विंडोज अपडेट करून घ्या. ११ आलं तेव्हा ही सोय काढूनच टाकली होती. लोकांनी पुष्कळ ओरड केल्यावर २०२३मध्ये ती अपडेटमधून परत आली. मधली दोन वर्षं आम्ही कशी काढली ते आम्हालाच माहीत.

पण साहेब, 'नेव्हर' केलं म्हणजे सुटलात असं नाही. वीस बटणं एका पट्टीत बसवायची तर प्रत्येकाच्या वाट्याला जागा किती येणार? नावाची पहिली सात-आठ अक्षरं दिसतात आणि पुढे टिंबं. तुमच्या फायलींची नावं 'जीएसटी रिटर्न एप्रिल अमुक', 'जीएसटी रिटर्न एप्रिल तमुक' अशी असणार, मी पैज लावतो. मग पट्टीवर वीस वेळा 'जीएसटी रि…' दिसेल. नाव उलटं करा. जे वेगळं आहे ते पुढे, जे सगळीकडे सारखं आहे ते मागे: 'चादर कारखाना ०४ जीएसटी', 'तेलगिरणी ०४ जीएसटी'. मी लग्नपत्रिकांच्या फायलींना वर्षानुवर्षं 'पत्रिका' हा शब्द आधी लावायचो. आता आडनाव आधी. एवढ्या एका बदलाने जे साधलं ते कुठल्याही सेटिंगने साधलं नव्हतं.

'नेव्हर' नको असेल, बटण एकच ठेवायचं असेल, तर कंट्रोल दाबून ठेवा आणि एक्सेलच्या बटणावर एकेक क्लिक करत जा. उघड्या फायली एकामागून एक समोर येतात.

ज्या दोन-तीन फायली रोजच लागतात त्यांच्यासाठी फोल्डर धुंडाळू नका. पट्टीवर एक्सेलचं चित्र पक्कं करा. चालू एक्सेलच्या बटणावर राइट क्लिक करून 'पिन टू टास्कबार'. मग त्याच चित्रावर पुन्हा राइट क्लिक केलंत की अलीकडे उघडलेल्या फायलींची यादी वर येते. हव्या त्या नावावर माउस नेला की शेजारी टाचणी दिसते. ती दाबली की फाईल त्या यादीत वरच्या बाजूला कायमची बसते. ही सोय विंडोज ७पासून, म्हणजे २००९पासून आहे आणि माझ्या दुकानात येणाऱ्या दहातल्या आठांना माहीत नसते.

आणखी एक. कीबोर्डवरचं विंडोजचं बटण दाबून १ दाबलं की पट्टीवर पिन केलेलं डावीकडून पहिलं चित्र उघडतं, २ दाबलं की दुसरं. स्टार्ट आणि शोधाची चौकट यात मोजायची नाही. म्हणून चित्रांचा क्रम एकदा विचार करून लावा आणि नंतर तो बदलू नका. डब्यात मोहरी कुठे, जिरं कुठे हे घरातल्या बाईला न बघता कळतं, तसं बोटांना कळायला लागतं.

आई-बाबा नाशिकला, मी न्यू जर्सीत. त्यांना विंडोज ११चा लॅपटॉप घेऊन दिला. आई फोनवर सांगते, 'उघडतं आणि लगेच गायब होतं.' इथून काही समजत नाही. त्यांच्या पट्टीवर काय ठेवावं?
— एक मुलगी

गायब का होतं ते मी इथे बसून सांगतो. आई पट्टीवरच्या चित्रावर दोनदा क्लिक करतात. आपणच शिकवलेलं असतं ना, 'डबल क्लिक कर'! पण ते डेस्कटॉपवरच्या चित्रांसाठी. पट्टीवर एकच क्लिक पुरतं. काम आधीच चालू असेल तर पहिल्या क्लिकने खिडकी समोर येते आणि दुसऱ्याने ती परत खाली जाऊन बसते. आईंचं काही चुकत नाही, आपले नियमच दोन ठिकाणी दोन आहेत. 'खाली एकदा, वर दोनदा' एवढं कागदावर लिहून लॅपटॉपला चिकटवायला सांगा. माझ्या आईच्या लॅपटॉपवर अजून चिकटलेला आहे तो कागद.

आता ठेवायचं काय, यापेक्षा आधी काढायचं काय ते बघा. 'टास्कबार सेटिंग्ज'मध्ये पहिल्याच भागात 'सर्च', 'टास्क व्ह्यू', 'विजेट्स' आहेत. 'सर्च'ला 'हाइड' करा, बाकी दोन बंद. विजेट्स तर आधी. हवामानाच्या त्या चित्रावर नुसता माउस गेला तरी बातम्यांचा मोठा तक्ता अंगावर येतो आणि म्हाताऱ्या माणसांना वाटतं आपण काहीतरी बिघडवलं. पट्टी आपोआप लपवण्याची सोयही चालू करू नका. दिसते ती वस्तू त्यांच्यासाठी आहे, दिसत नाही ती चोरीला गेली.

ठेवायची चार चित्रं: ब्राउझर, फोटोंचा फोल्डर ज्यातून उघडतो ते फाईल एक्सप्लोरर, तुमच्याशी बोलायचं जे काही असेल ते, आणि बाबा रोज वाचतात ते वर्तमानपत्र. वर्तमानपत्राची साइट एज या विंडोजबरोबरच येणाऱ्या ब्राउझरमध्ये उघडा, वर उजवीकडच्या तीन टिंबांत 'मोअर टूल्स', त्यात 'पिन टू टास्कबार'. पाचवं चित्र ठेवायचा मोह आवरा. आणि तुम्ही सुट्टीत आलात की त्यांच्या पट्टीचा क्रम बदलू नका, प्लीज. परत गेलात की फोन माझ्यासारख्याला येतात.

ऑफिसात मराठी टाइप करताना मधेच इंग्रजी अक्षरं येऊ लागतात. पट्टीवर घड्याळाजवळ भाषेचं चिन्ह असायचं, तेही कधीकधी दिसत नाही.
— लिपिक, पुणे

मराठीत लिहिता लिहिता डावं ऑल्ट आणि शिफ्ट एकदम दाबलं गेलं की विंडोज भाषा बदलतं. करंगळी आणि अंगठा चुकून पडतात. मुद्दाम बदलायची असेल तेव्हा विंडोजचं बटण आणि स्पेसबार वापरा. समोर यादी दिसते, त्यामुळे कुठे आहोत ते कळतं. नको असलेले कीबोर्ड यादीतून काढूनच टाका. मी कित्येक मशीनवर इंग्रजीच तीन प्रकारची पाहिली आहे, मराठीपर्यंत पोचायला चार वेळा स्पेसबार.

चिन्ह दिसत नसेल तर विंडोज ११च्या सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', 'टायपिंग', 'ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज' इथे जा आणि 'यूज द डेस्कटॉप लँग्वेज बार' यापुढची खूण काढा. ती खूण असली की भाषेची वेगळी छोटी पट्टी डेस्कटॉपवर कुठेतरी तरंगत असते आणि घड्याळाजवळची जागा रिकामी.

इन्स्क्रिप्ट, म्हणजे सरकारी कामात चालणारी मराठी कीबोर्डची मांडणी, येत नाही म्हणून अडला असाल तर विंडोज १०च्या २०१९च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतो. पण सरकारी कामात आहात, तर इन्स्क्रिप्ट शिकाच. महिनाभर बोटं रडतात, मग कायमची सुटका.

पट्टी मधेच गोठते, स्टार्टही दाबलं जात नाही. दरवेळी मशीन बंद-चालू करतो. आणि एक आगाऊ प्रश्न: तुमच्या स्वतःच्या पट्टीवर काय काय आहे?
— विद्यार्थी, कणकवली

मशीन बंद करू नका, न साठवलेलं काम जाईल. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. यादीत 'विंडोज एक्सप्लोरर' शोधा, त्यावर राइट क्लिक, 'रिस्टार्ट'. क्षणभर पट्टी नाहीशी होईल, घाबरू नका, परत येते. उघडी कामं शाबूत राहतात. फक्त फोल्डरच्या उघड्या खिडक्या मिटतात. रोजच असं होत असेल तर मात्र मशीन कुणाला तरी दाखवा.

माझ्या पट्टीवर पहिलं कॅल्क्युलेटर. गिऱ्हाईक समोर उभं राहून 'किती झाले?' विचारतं तेव्हा विंडोज आणि १, बस्स. दुसरं पत्रिका मांडायचा प्रोग्रॅम कोरलड्रॉ, तिसरं फाईल एक्सप्लोरर, चौथं ब्राउझर. संपलं. पत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, बिलबुकं हे सगळं फाईल एक्सप्लोररच्या राइट क्लिकच्या यादीत टाचणी लावून ठेवलंय.

घड्याळाच्या बाजूला मात्र एक चित्र मी मुद्दाम बाहेर काढून ठेवलं आहे, पेनड्राइव्ह सुरक्षित काढायचं. एरवी ते वर तोंड केलेल्या बाणाच्या आत लपतं. धरून खाली पट्टीवर ओढलं की तिथेच राहतं. पुराआधी माझा बॅकअप त्याच खोलीतल्या, त्याच टेबलाखालच्या दुसऱ्या मशीनवर असायचा. आता संध्याकाळी शटर ओढण्याआधी दिवसभराचं काम बाहेरच्या डिस्कवर उतरवतो, त्या चित्रावर क्लिक करतो, डिस्क काढून पिशवीत टाकतो आणि पिशवी घरी, दुसऱ्या मजल्यावर.