कार्ब्युरेटर बदलण्याआधी

प्रश्न : माझ्या जुन्या पेट्रोल पिकअपचं अ‍ॅव्हरेज फार घसरलंय. मेकॅनिक नवा कार्ब्युरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) टाकायला सांगतोय. टाकू का?

उत्तर : इतक्यात नको. आधी स्पार्क प्लग काढून बघा. टोक फिकट तपकिरी असेल तर पेट्रोल-हवेचं मिश्रण ठीक आहे. कोरडी काळी काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय. मग इंजिन चांगलं गरम करून बंद करा, एअर फिल्टर काढा आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात टॉर्च मारा. चोकची झडप (थंड इंजिन सुरू करताना हवा अडवणारी) पूर्ण उघडी हवी. जुन्या गाड्यांत माझा पहिला संशय तिच्यावरच. अर्धवट मिटून अडकते आणि पेट्रोल पीत राहते. झडप ठीक आहे, पण इंजिन बंद असूनही आत पेट्रोल ठिबकतंय? मग फ्लोटची (आतल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी चढलीय किंवा नीडल व्हॉल्व्ह (त्याच्या जोरावर पेट्रोल बंद करणारी सुई) झिजलाय. त्यासाठी अख्खा कार्ब्युरेटर बदलायची गरज नसते. (हे बघताना जवळ विडी-सिगारेट अजिबात नको.)

प्लग चांगले निघाले तर कार्ब्युरेटरला हातच लावू नका. इग्निशन टायमिंग (प्लगची ठिणगी पडण्याची वेळ) तपासून घ्या, टायरमधली हवा बघा. थोडं चालवून आल्यावर चाकांजवळ हात न्या : एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरतोय.