मिक्सरपायी दर पाडू नकोस

अगो,
तुझा मेसेज वाचला. पुण्याच्या क्लायंटशी कॉल चालू असताना आईने मागे वाटपाला मिक्सर लावला, तुला लाज वाटली आणि तू कोटेशनमधली रक्कमच खाली आणलीस, हे काय मला पटलेलं नाही.

स्टेफनी शर्ली माहितीये का तुला? जन्म 1933, जर्मनीतल्या डॉर्टमुंडचा, वडील ज्यू, म्हणून 1939 ला पाच वर्षांच्या ह्या पोरीला मोठ्या बहिणीबरोबर ट्रेनमध्ये बसवून इंग्लंडला धाडलेलं. 1962 मध्ये तिने सहा पौंडांच्या भांडवलावर घरातच सॉफ्टवेअर कंपनी काढली, तेव्हा सॉफ्टवेअर मशीनबरोबर फुकट मिळायचं त्यामुळे लोक हसलेच. कामाला जवळपास सगळ्या बायका, लग्न नि पोरांपायी नोकरी सुटलेल्या, घरी बसून कागदावर पेन्सिलने प्रोग्राम लिहायच्या आणि कॉनकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंगही ह्यांनीच केलं बघ! पत्रांना उत्तरं येईनात तेव्हा नवऱ्याने सुचवलं म्हणून ती 'स्टीव्ह' अशी पुरुषाच्या नावाने सही करायला लागली, फोन आला की मागे टायपिंगची टेप लावायची, म्हणजे बाळाचं रडणं ऐकू जायला नको. तिला तेव्हा लपवावं लागलं. तुझ्या क्लायंटच्या घरात मिक्सर नाही का?

तिची खरी हुशारी मला दुसरीकडे दिसते, तिने तासांवर पैसे न लावता अख्ख्या कामाची ठरलेली किंमत सांगितली, मग कोण कुठे बसून किती वेळ करतंय हा प्रश्नच उरत नाही. आपल्याकडे पावसात लाईट जाते, नेट जातं, तासांचा हिशोब देत बसशील तर मरशील.

आणि 'पुढे पैसे आले की दान करीन' म्हणतेस ते ठीक, पण शर्लीने आधी कंपनीतल्याच लोकांना शेअर्स दिले, त्यातले 70 जण मिलियनेअर झाले. मग स्वतःचे साडेसहा कोटी पौंडांवर वाटले, बरेचसे ऑटिझमसाठी, कारण तिचा एकुलता मुलगा जाइल्स ऑटिस्टिक होता, 1998 मध्ये 35 व्या वर्षी गेला. त्याच्यासारख्या मुलांसाठी तिने शाळा उभी केली. ती स्वतः 2025 मध्ये गेली.

तुझ्याबरोबरच्या त्या दोघी गुहागरच्या पोरी आत्ता पगारावर आहेत ना, त्यांचा हिस्सा काय ते आत्ताच कागदावर घे, चार पैसे दिसायला लागले की माणसाचा हात आखडतो, माझाही आखडला असता.

क्लायंटला अजून मेल गेला नसेल तर थांब, जुनी रक्कम घालून मला पाठव, रात्री बघतो.