गरोदरपणात सातव्या महिन्यात शुगर निघाली तर
अगं रडू नकोस, मलाही सातव्यातच निघाली होती. उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवून दोन तासांनी १२० च्या आत, साधारण एवढं टार्गेट असतं, तुझं डॉक्टरांना विचारून घे. माझा घोळ सकाळचा, पोहे खाल्ले की आकडा वर, मग मुगाचं धिरडं आणि उकडलेलं अंडं सुरू केलं तर बराच खाली आला. सासूबाई लाडू पुढे करतीलच, गोड बोलून टाळ. जेवल्यावर १५ मिनिटं गॅलरीत फेऱ्या मार. घरी शुगर तपासताना सुई बोटाच्या कडेला टोच, मधोमध फार दुखतं गं. आणि इन्सुलिन दिलं तर घे, ते वारेतून (प्लासेंटातून) बाळापर्यंत जात नाही. डिलिव्हरीनंतर सहा आठवड्यांनी शुगरची टेस्ट परत करायची असते, मी बाळाच्या गडबडीत साफ विसरले, तू आत्ताच मोबाईलमध्ये रिमाइंडर लाव.