जुने लॅपटॉप निकाली काढताना सर्टिफिकेटवर किती विसंबायचं?

तुमचा प्रश्न असा: ऑफिसातले साठेक लॅपटॉप, काही जुने मॉनिटर, दोन सर्व्हर आणि एक मोठा प्रिंटर काढायचाय. एक जण सगळं किलोच्या भावाने विकत घेतो म्हणतो, दुसरा उलट पैसे मागतो. ई-कचरा नीट हाताळत असल्याचं सर्टिफिकेट दोघांकडे आहे. मग माल कोणाला द्यावा?

मी कंपन्यांचा जुना आयटी माल काढायचं काम करतो. माझं मत विचाराल तर सर्टिफिकेट शेवटी बघा. आधी विचारा, 'डेटा साठवणाऱ्या एकेका ड्राइव्हच्या सीरियल नंबरची यादी देणार का?' इथे जो गुळमुळीत बोलेल त्याला नमस्कार करा.

पैसे देणारा चोरच असतो असं नाही. चालू लॅपटॉपला गिऱ्हाईक असतं, आणि तो दुरुस्त होऊन आणखी चार वर्षं वापरला गेला तर रीसायकलिंगपेक्षा ते केव्हाही बरं. पण ट्यूबचे मॉनिटर आणि मेलेले प्रिंटर नीट मोडायचे म्हणजे पदरचा खर्च. जो तेही हसत हसत त्याच भावाने उचलतो, त्याचा नफा कुठून येतो ते विचाराच. बहुतेक वेळा तांबं आणि सर्किट बोर्ड काढून घेतले जातात आणि उरलेलं कुठेतरी टाकलं किंवा जाळलं जातं.

नावाजलेलं सर्टिफिकेटसुद्धा पुरत नाही. अमेरिकेत सिएटलची टोटल रीक्लेम ही ई-स्टुअर्ड्स या ई-कचरा रीसायकलिंगच्या मानकाच्या सुरुवातीच्या पाठीराख्यांपैकी एक कंपनी. माल परदेशात टाकत नाही, असं ग्राहकांना सांगायची. बासेल ॲक्शन नेटवर्क या ई-कचऱ्याच्या निर्यातीवर नजर ठेवणाऱ्या संस्थेने जुन्या सपाट मॉनिटरमध्ये जीपीएस ट्रॅकर लपवून ठेवले, ते निघाले थेट हाँगकाँगला. तिथे कामगार पारा असलेले मॉनिटर कसल्याही संरक्षणाशिवाय फोडत होते. २०१९ मध्ये मालकांना प्रत्येकी २८ महिन्यांची कैद झाली. त्यामुळे ई-स्टुअर्ड्स किंवा त्याच धर्तीचं आर२ सर्टिफिकेट असेल तर उत्तमच, पण 'तुमच्याकडून बोर्ड, बॅटरी, काच पुढे कोणाकडे जाते?' हे लेखी घ्या आणि एकदा त्यांचा कारखाना स्वतः बघून या. येऊ देत नाहीत? मग विषय संपला.

आता ड्राइव्ह. तुमच्या मालमत्ता रजिस्टरमध्ये लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवरचा नंबर असेल. आतल्या ड्राइव्हचा नंबर वेगळा असतो, आणि मधल्या काळात दुरुस्तीत ड्राइव्ह बदलला असेल तर तो कुठेच नोंदलेला नसतो. म्हणून माल गेटबाहेर जाण्याआधी ड्राइव्हचे नंबर वेगळे उतरवून घ्या आणि नेणाऱ्याने दिलेल्या डेटा पुसल्याच्या रिपोर्टशी ओळ न् ओळ ताडून बघा. काम कंटाळवाणं आहे, पण ते दुसऱ्यावर सोडू नका. 'साठ नग नष्ट केले' एवढाच मजकूर असलेला कागद मी तरी परत पाठवतो.

फॉरमॅट मारणं म्हणजे पुसणं नव्हे. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर एकदा पूर्ण ओव्हरराइट करून, म्हणजे जुन्या डेटावर दुसरं काही लिहून, तपासलं की सहसा भागतं. एसएसडीचं, म्हणजे चिपवर डेटा ठेवणाऱ्या ड्राइव्हचं, तसं नाही. झीज सारखी वाटली जावी म्हणून तिचा कंट्रोलर डेटा आपणहून इकडेतिकडे हलवत असतो, त्यामुळे काही कप्प्यांपर्यंत ओव्हरराइट पोचतच नाही. तिथे ड्राइव्हचीच सुरक्षित-पुसण्याची आज्ञा वापरायची, किंवा डेटा आधीपासून एन्क्रिप्टेड (सांकेतिक रूपात कुलूपबंद) असेल तर त्याची डिजिटल किल्ली नष्ट करायची. चुंबकाने पुसणारं यंत्र एसएसडीवर काही कामाचं नाही, तरी ते दाखवून पैसे घेणारे भेटतात. डेटा पुसण्याची चौकट अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ८००-८८ या मार्गदर्शिकेत आहे, तिचं नाव करारात घाला.

अति वाटत असेल तर मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकी बँकेचं प्रकरण वाचा. जुनी यंत्रं काढायचं काम त्यांनी डेटा नष्ट करण्याचा अनुभवच नसलेल्या, सामान हलवणाऱ्या कंपनीला दिलं. काही यंत्रं ग्राहकांच्या माहितीसकट ऑनलाइन लिलावात विकली गेली. २०२० मध्ये बँक नियामकाने ६ कोटी डॉलरचा आणि २०२२ मध्ये शेअर बाजार नियामकाने ३.५ कोटी डॉलरचा दंड लावला. दंड बँकेने भरला, टेम्पोवाल्याने नव्हे.

तुमच्या त्या मोठ्या प्रिंटरमध्येही बहुधा हार्ड डिस्क असेल, आणि स्कॅन केलेले कागद तिच्यावर राहिलेले असू शकतात. भाड्याचा असेल तर परत करण्याआधी डिस्कचं काय ते ठरवून घ्या.

आणि लॅपटॉपच्या बॅटऱ्या आजच तपासा. फुगलेली असेल तर टचपॅड वर आलेलं दिसतं किंवा झाकण नीट बसत नाही. असा लॅपटॉप चार्जिंगला लावू नका, ढिगाखाली दाबू नका, बॅटरी स्वतः उचकटून काढायला जाऊ नका. तो बाजूला ठेवा आणि नेणाऱ्याला आधीच सांगा, म्हणजे तो योग्य डबा घेऊन येईल. 'टाका हो त्यातच' म्हणाला, तर दुसरा शोधा.