पणजी म्हणजे फक्त एक जुनं पोर्तुगीज शहर आहे का? तिथला इतिहास, पोटापाणी आणि संस्कृती स्थानिक माणसाला कशी दिसते?

तुम्ही लिहिलंय की तीनदा गोव्याला येऊनही पणजीत फक्त जेवायला थांबलात. या राजधानीत समजून घेण्यासारखं काही आहे का आणि ती ‘पोर्तुगीज शहर’ म्हणूनच पाहायची का, असा तुमचा प्रश्न आहे. माझा जन्म मळ्यातला. मळा म्हणजे आल्तिनोच्या टेकडीच्या पायथ्याचा वाडा, फोंतेन्हास या जुन्या वस्तीला लागून. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पणजी कळायची तर आधी मांडवीकडे तोंड करून उभं राहा. हे शहर नदीने घडवलं, नदीनेच पोसलं आणि आजही ते नदीच्या तंत्राने चालतं.

१५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, तेव्हा त्यांची राजधानी नदीच्या वरच्या अंगाला होती, आज जुने गोवे म्हणतात तिथे. पणजीत आदिलशहाचा एक वाडा होता, बाकी माड, शेतं आणि खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी सखल जमीन. पुढे जुन्या गोव्यात पटकी आणि हिवताप यांनी इतकी माणसं मेली की ते वैभवशाली शहर हळूहळू ओस पडलं. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने मुक्काम हलवला तो थेट आदिलशहाच्या वाड्यात. १८४३ मध्ये लिस्बनहून हुकूम आला आणि ‘नोव्हा गोवा’ या नावाने पणजी रीतसर राजधानी झाली. मधल्या काळात, १८२७ ते १८३५, दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रो हा व्हाइसरॉय होता. त्याने दलदल बुजवून रस्ते आखले, सरकारी इमारती बांधल्या. आज बाजारपेठेत जे सरळ, काटकोनात वळणारे रस्ते दिसतात त्यांची सुरुवात तिथे आहे.

पण बुजवलेली खाजण आपली जागा विसरत नाही. जुलैत मोठा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की मळ्यात पाणी भरतं, कारण नाल्याचं पाणी नदी घेतच नाही. लहानपणी आकाश भरून आलं की आई पंचांगात तिथी बघायची. अमावस्या-पौर्णिमा जवळ असली की तांदळाचा डबा आणि माझी दप्तरं माळ्यावर जायची. आमच्याकडे भरती-ओहोटी ही समुद्रकिनाऱ्यावरची गंमत नव्हती, घरातली बाब होती.

जुन्या गोव्याचे तुकडे पणजीत जागोजागी बसवलेले आहेत. टेकडीवरच्या पांढऱ्या, पायऱ्यांच्या चर्चची मोठी घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची, १८७१ मध्ये ती इथे चढवली. फोंतेन्हासच्या सेंट सेबॅस्टियन चॅपेलमधला क्रूस पूर्वी इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता. त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत, ते जवळ जाऊन जरूर बघा. आझाद मैदानातल्या मंडपाचे खांब जुन्या गोव्यातल्या उजाड चर्चमधून आणलेले. त्या मंडपात पूर्वी गोवा जिंकणाऱ्या आल्बुकेर्कचा पुतळा होता. मुक्तीनंतर तो हलवला आणि तिथे स्वातंत्र्यसैनिक त्रिश्तांव द ब्रागांझ कुन्हा यांचं स्मारक झालं. खांब तेच आहेत, मान मात्र दुसऱ्याला मिळाला. मला ही जागा सगळ्या पणजीत सर्वात बोलकी वाटते.

आता ‘पोर्तुगीज शहर’ या शब्दाबद्दल. मला तो अपुरा वाटतो. तिसवाडीतली, म्हणजे पणजीच्या तालुक्यातली, देवळं सोळाव्या शतकात पाडली गेली, देव नदीपार फोंड्याकडे नेले गेले. म्हणून आजही आमच्यासारखी असंख्य घरं कुलदेवतेला फोंडा महालात जातात. पणजीत महालक्ष्मीचं देऊळ बांधायला परवानगी मिळाली ती १८१८ मध्ये. तीनशे वर्षांनी एका देवळाला परवानगी मिळणं म्हणजे काय, याचा विचार त्या देवळाच्या पायरीवर बसून केल्याशिवाय या शहराची घालमेल कळत नाही.

आमच्या घरात बोलणं कोकणीतून, आरत्या आणि पोथी मराठीतून आणि आजोबांची कचेरी पोर्तुगीजमधून. यात कुणाला विसंगती वाटत नव्हती. प्रश्न उभा राहिला तो १९६१ च्या मुक्तीनंतर, गोवा महाराष्ट्रात जावा की नाही यावर. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहायची निशाणी दोन पानं. वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मतं पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. आजोबांनी फुलाला मत दिलं, धाकट्या काकांनी दोन पानांना, आणि दोघं महिनाभर एका पंगतीला बसले नाहीत. मी हे नंतर ऐकलं. माझं मत विचाराल तर गोवा वेगळा राहिला हे बरं झालं. पण आजोबांचं मराठीवरचं प्रेम परकं होतं असं कुणी म्हटलं तर ते मला मान्य नाही. ‘गोमन्तक’ हा मराठी पेपर १९६२ पासून पणजीतूनच निघतो आणि आमच्या घरी तो आजही पहिल्यांदा कोण वाचणार यावर वाद होतो.

पोटापाण्याचं सांगतो. माझ्या लहानपणी मांडवी म्हणजे बार्जी, माल वाहणाऱ्या सपाट बोटी. डिचोली-सांगे भागातल्या खाणींचं लोहखनिज धक्क्यांवर भरायचं आणि बार्जीतून मुरगाव बंदराला न्यायचं. संध्याकाळी आम्ही धक्क्यावर बसून मोजायचो. वर जाणारी रिकामी बार्ज पाण्यावर उंच, तिचं लाल पोट दिसायचं. भरून परतणारी इतकी खाली दबलेली की पाणी काठाला टेकलेलं, आणि मागे खलाशाची चूल धुमसत असायची. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादचा वाळूचा बांध धोक्याचा होतो, म्हणून तेव्हा या बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत शिरायच्या. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि नदी एकदम रिकामी झाली. खाणींनी डोंगर आणि शेतं खाल्ली हे खरंच, त्या बंद झाल्या याचं मला दुःख नाही. पण बार्जवर, ट्रकवर आणि गॅरेजमध्ये जगणारी माणसं ओळखीची होती, त्यांचे हाल डोळ्यांसमोर झाले.

आज नदीत उभी आहेत ती कॅसिनोची जहाजं. सरकारला महसूल मिळतो, पोरांना नोकऱ्या मिळतात. तरी पणजीकराने आपल्याच नदीचा काठ गर्दी आणि दिव्यांच्या झगमगाटात गमावला, हे मला मनापासून सलतं. बाकी शहर चालतं ते सरकारी नोकरी, पाटो भागातल्या बँका-कचेऱ्या, दुकानदारी आणि पर्यटन यांवर. २००४ पासून दर नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवही इथेच भरतो.

राजधानी म्हणाल तर तीही हळूहळू नदी ओलांडतेय. २००० मध्ये विधानसभा आदिलशहाच्या वाड्यातून पलीकडे पर्वरीला गेली, २०२१ मध्ये उच्च न्यायालयाचं खंडपीठही गेलं. जुलै १९८६ मध्ये मांडवीचा पूल कोसळला तेव्हा नदी ओलांडणं म्हणजे काय हे या शहराने भोगलंय. फेरीबोटींवर माणसं दाटीवाटीने उभी, छत्र्या एकमेकांत अडकलेल्या, आणि पलीकडच्या काठावर आणखी तेवढीच वाट बघणारी. आता अटल सेतू धरून तीन पूल शेजारी शेजारी उभे आहेत. २०११ च्या जनगणनेत पालिका हद्दीत जेमतेम ४० हजार माणसं होती. लोक राहतात पर्वरी, ताळगाव, मेरशीला आणि सकाळी कामाला पणजीत येतात.

तुम्ही आलात की काय करावं ते सांगतो. सकाळी सातला फोंतेन्हासमध्ये चाला. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा ऐकू येईल, त्याच्याकडून गरम पोई हा पाव घ्या. रंगीत भिंतींसमोर फोटो काढताना एवढं लक्षात ठेवा की आत माणसं राहतात, खिडकीत कुणी आजी बसलेली असते, तिला आधी विचारा. मग बाजाराजवळच्या एखाद्या जुन्या हॉटेलात पातळ भाजी, पाव आणि गोड बन खा. मुंबईची पावभाजी डोक्यात ठेवून जाऊ नका, हा वेगळाच पदार्थ आहे. पाटोवर सेंट्रल लायब्ररी आहे. १८३२ सालची ही संस्था, आता तिला कृष्णदास शामा या जुन्या लेखकाचं नाव आहे. मी शाळकरी असताना ती मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत होती. तिथल्या भिंतीवर निळ्या पोर्तुगीज टाइल्सची १९३५ मधली मोठी चित्रं आहेत. ती चुकवू नका.

जानेवारी-फेब्रुवारीत आलात तर मळ्यातल्या मारुतीगडाची जत्रा मिळेल. खाजे, लाह्या, लाकडी खेळणी, आणि अरुंद रस्त्यावर खांद्याला खांदा लावून चालणारे हिंदू-ख्रिश्चन दोन्ही शेजारी. डिसेंबरात आठ तारखेला पायऱ्यांच्या चर्चचं फेस्त, तिथेही तीच माणसं आणि तेच खाजे.

आणि शेवटी संध्याकाळी बेतीची फेरीबोट घ्या. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. मधोमध पोचलात की मागे वळून बघा. डावीकडे पूल, समोर आदिलशहाचा वाडा, त्याच्या मागे टेकडीच्या अंगावर पांढरं चर्च, आणि पाण्यावर कॅसिनोचे दिवे नुकते लागत असतील.