सणाच्या सुट्टीला सणाचं नाव नको?

प्रश्न: मी एका मोठ्या कंपनीत एचआरमध्ये आहे. बऱ्याच देशांतले, बऱ्याच धर्मांचे लोक एकत्र काम करतात. पुढच्या वर्षाची सुट्ट्यांची लिस्ट करताना वरून सांगितलंय की ख्रिसमस, ईद, दिवाळी अशी नावं नकोत, ‘वर्षअखेरची सुट्टी’ वगैरे न्यूट्रल काहीतरी लिहा, म्हणजे कोणाला परकं वाटणार नाही. टीममधले काही जण भडकलेत, काहींना हेच बरोबर वाटतंय. तुम्ही काय सांगाल?

उत्तर: आधीच सांगून टाकते, नावं राहू द्या. २५ डिसेंबरला ऑफिस का बंद आहे हे सगळ्यांना माहीत असतं, नाव पुसलं म्हणून कारण बदलत नाही. उलट कोणाच्या सणाला सुट्टी आहे आणि कोणाच्या नाही हे लिस्टवर दिसेनासं होतं, आणि मग ज्याच्या सणाला सुट्टी नाही त्याने मागायचं तरी कशाकडे बोट दाखवून?

हे घडलेलं आहे. अमेरिकेत मेरीलँड राज्यात मॉन्टगोमेरी काउंटी आहे, तिथल्या शाळा ज्यू लोकांच्या योम किप्पूर या उपवास-प्रायश्चित्ताच्या दिवशी बंद असायच्या. मुस्लिम पालक बरीच वर्षं मागत होते की ईदलाही तेवढाच मान द्या. त्यात २०१५ साली बकरी ईद आणि योम किप्पूर एकाच वेळी येत होते, म्हणजे शाळा तशीही बंदच राहणार होती, कॅलेंडरवर शेजारी ईदचं नाव लिहा एवढंच त्यांचं म्हणणं होतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिथल्या शिक्षण मंडळाने काय केलं, तर सगळ्याच धार्मिक सणांची नावं कॅलेंडरवरून काढून टाकली. सुट्ट्या मात्र होत्या त्याच तारखांना राहिल्या! म्हणजे ज्यांनी एक नाव मागितलं त्यांच्या हाती काही लागलं नाही आणि ज्यांचं नाव होतं त्यांचंही गेलं, आणि अशा वेळी लोकांचा राग मंडळावर कमी आणि मागणाऱ्यांवरच जास्त निघतो. सगळ्यांना सामावून घ्यायच्या नावाखाली असं व्हावं याचं मला खरंच वाईट वाटतं.

न्यूयॉर्क शहराने उलटा रस्ता धरला. २०१५ मध्ये तिथल्या सरकारी शाळांच्या कॅलेंडरवर दोन्ही ईद आल्या, त्यांच्या स्वतःच्या नावाने, आणि पुढे २०२३ च्या राज्य कायद्याने दिवाळीही आली. यादी लांबली, शाळेचे दिवस जुळवताना त्रासही होतो हे खरं, पण ज्याचा तो सण आहे त्या मुलाला तो छापलेला दिसतो.

प्रश्न: मी कुठलाच धर्म मानत नाही. सरकार धर्मनिरपेक्ष असेल तर सरकारी सुट्ट्यांना धार्मिक नावं कशासाठी? सुट्टी द्या, नाव बदला, काय बिघडतं?

उत्तर: तुमचा मुद्दा मला मनापासून पटण्यासारखा वाटतो आणि एका देशाने हे अगदी पूर्ण करून दाखवलंय. उरुग्वेने १९१९ मध्ये धर्म आणि सरकार वेगळं केलं आणि त्याच वर्षी कायदा करून सुट्ट्यांची नावंही बदलली. ख्रिसमस झाला कुटुंब दिन, ६ जानेवारीचा तीन राजांचा सण झाला बालदिन, ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा झाला पर्यटन आठवडा. पर्यटन आठवडा लोकांनी खरंच उचलला, आजही तिथे त्या आठवड्याला सर्रास तेच म्हणतात आणि फिरायला बाहेर पडतात. पण २५ डिसेंबरला लोक एकमेकांना ख्रिसमसच्याच शुभेच्छा देतात, कुटुंब दिन कायद्याच्या कागदावर आहे. म्हणजे जिथे लोकांचं वागणंच बदललं होतं तिथे नाव टिकलं, जिथे नाही तिथे कायद्याला शंभर वर्षांतही ते जमलं नाही.

आता फ्रान्स बघा. धर्म आणि सरकार वेगळं करण्यात एवढा कडक देश क्वचितच सापडेल, १९०५ चा कायदा आहे त्यांचा. आणि तिथल्या कामगार कायद्यात ११ सार्वजनिक सुट्ट्या आहेत त्यातल्या ६ ख्रिश्चन सणांच्या, त्याच नावांनी. खरी अडचण ती नावं नाहीत असं मला वाटतं. २००३ मध्ये सरकारनेच नेमलेल्या स्टासी आयोगाने सुचवलं होतं की शाळांना योम किप्पूर आणि बकरी ईदलाही सुट्टी द्या. ते झालं नाही. त्याच अहवालातली शाळेत ठळक धार्मिक चिन्हं घालायला बंदी ही शिफारस मात्र २००४ मध्ये कायदा झाली. तुम्ही नास्तिक म्हणून सरकारला धारेवर धरणार असाल तर इथे धरा, कारण त्या सहा दिवसांची नावं उद्या बदलली तरी मुस्लिम किंवा ज्यू मुलाला एक तासही जास्त मिळत नाही.

एक अपवाद मी मानते. दिवसाचा सणाशी संबंध खरोखरच तुटला असेल तर नाव बदलणं प्रामाणिकपणाचं आहे. ब्रिटनमध्ये ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा व्हिट मंडे या ख्रिश्चन सणाची सुट्टी होती, तारीख दरवर्षी हलायची, १९७१ च्या कायद्याने ती काढून मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी वसंतातली बँक सुट्टी (तिथे सार्वजनिक सुट्टीला असंच म्हणतात) पक्की केली. तिथे दिवसच वेगळा झाला, म्हणून नाव वेगळं. कोणी काही लपवलं नाही.

प्रश्न: मग मी एचआरमध्ये नक्की काय करू? बॉसला काय सांगू? (पहिल्याच वाचकाचा पुढचा मेल)

उत्तर: बॉसला सांगा की युरोपियन कमिशनने, म्हणजे युरोपियन युनियनचा कारभार चालवणाऱ्या संस्थेनेही, हा प्रयोग केला होता. २०२१ मध्ये त्यांच्या आतल्या एका मार्गदर्शक पत्रकात ख्रिसमसऐवजी नुसतं ‘सुट्टीचा काळ’ म्हणा असं सुचवलं होतं, एवढी टीका झाली की नोव्हेंबरमध्येच ते मागे घ्यावं लागलं. हेतू चांगला होता हो, पण लोकांना वाटलं आपला सण लाजिरवाणा आहे म्हणून झाकतायत.

लिस्टवर प्रत्येक सुट्टीचं खरं नाव लिहा. मग सगळ्यांना लागू असलेल्या सुट्ट्यांशिवाय प्रत्येकाला दोन-तीन ऐच्छिक सुट्ट्या द्या, ज्या आपल्या सणाला कारण न सांगता घेता येतील, ज्याला कुठलाच सण नाही त्यालाही तेवढ्याच. आणि एक काम लोक हमखास विसरतात, मोठ्या डेडलाइन, मीटिंगा आणि परीक्षा ठरवताना सगळ्यांच्या सणांच्या तारखा समोर ठेवा. ईद चांद्र कॅलेंडरवर चालते म्हणून दरवर्षी साधारण ११ दिवस आधी येते, मागच्या वर्षीची फाइल कॉपी केली की चुकणारच. शुभेच्छांचं म्हणाल तर अनोळखी क्लायंटला ‘सणासुदीच्या शुभेच्छा’ पाठवायला काहीच हरकत नाही, पण समोरचा काय साजरं करतो हे माहीत असेल तर त्याच सणाचं नाव घ्या. आणि लिस्ट फायनल करायच्या आधी ती ज्यांचे सण त्यात नाहीत अशा दोघा-तिघांना दाखवा, वरच्यांना नंतर दाखवलीत तरी चालेल.